गोग्रास, खरवस आणि कालवडीची लस

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये सकाळी गाई दारोदार फिरतात. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून वसाहतीला नाव पडलं, शहराच्या विकास प्राधिकरणाने, म्हणजे बीडीएने, प्लॉट पाडले, सेक्टर झाले, सत्ताविसाव्या मेनवर खाण्यापिण्याची दुकानं लागली. पण आगरा, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य, मंगम्मनपाळ्य ही जुनी गावं जागच्या जागीच राहिली, आणि त्यांच्यातले काही गोठेही. गोठ्याला लागून असलेलं चराऊ रान मात्र गेलं. मग गवळी पहाटे धार काढतो आणि गाय मोकळी सोडतो. ती दिवसभर रिकामे प्लॉट, कचऱ्याचे कोपरे आणि भाविकांची फाटकं असा फेरा करते आणि संध्याकाळी आपणहून घरी परतते. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांना हे सोयीचंच झालं. गोग्रासाची सवय मोडावी लागली नाही.

गाय आजारी पडल्यावर काय करायचं ते पशुवैद्यक सांगतोच. ती पडू नये यासाठी जे करायचं असतं, त्यातला बराच भाग गवळ्याच्या आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात असतो. गिऱ्हाईक आपला वाटा सहसा ओळखत नाही. शिवाय बंगळुरूतल्या कित्येक मराठी कुटुंबांचा एक पाय अजून गावाकडच्या गोठ्यात असतो. दूध इथे पिशवीतून येतं आणि गाय तिकडे भावाकडे असते. पुढचं सगळं त्या दोन्ही ठिकाणांसाठी आहे.

आधी गोग्रास. गाईच्या कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि त्यांना सवय असते चाऱ्याच्या तंतूंची. एकाएकी भात, पोळ्या, पाव, लग्नातलं उरलेलं असं पिष्टमय अन्न भरपूर आलं की तिथे आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं. जास्तच झालं तर गाय दगावते. बैलपोळ्याला पुरणपोळी आणि धान्य हात सैल सोडून खाऊ घातलं की दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकांची धावपळ होते, ती याच कारणाने. एका वेळी खूप खाऊन झालेलं अपचन लगेच दिसतं. रोज थोडंथोडं होणारं दिसत नाही. खूर दुखरे होतात, दुधातलं फॅट उतरतं, रोगाशी लढण्याची ताकद कमी होते आणि साध्या संसर्गालाही गाय बळी पडते.

प्लॅस्टिकचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळुरूहून फार लांब नसलेल्या पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने मोकाट गाईंच्या पोटांवर शस्त्रक्रिया करून पिशव्यांचे गोळे बाहेर काढले. त्यावर २०१२ साली ‘द प्लॅस्टिक काऊ’ हा माहितीपटही आला. ओला कचरा पिशवीला गाठ मारून फेकला की गाय गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते.

बुरशी लागलेल्या पावाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ‘आपल्याला नको, गाईला घालू’ असं म्हणत तो पाव, कुबट भाकरी किंवा ओलसर झालेली शेंगदाण्याची पेंड गाईपुढे जाते. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. गाईच्या पोटात गेलेलं हे विष रूप पालटून एखाद्या दिवसाच्या आत दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळलं तरी ते जात नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं. मर्यादा आहे किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर हे विष यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. गाईचंही यकृत बिघडतं, आणि लस टोचूनही तिच्या शरीरात हवी तेवढी प्रतिकारद्रव्यं तयार होत नाहीत. म्हणजे फाटकाशी पुण्य म्हणून दिलेला बुरशीचा पाव दुधाच्या भांड्यातून त्याच गल्लीत परत येऊ शकतो. दिलासा एवढाच की बुरशीचं खाणं बंद केलं की काही दिवसांत दूध स्वच्छ होतं.

म्हणून गोग्रास द्यायचाच तर पोळी एक, चतकोर झाली तरी चालेल. बाकी मटारच्या शेंगांची टरफलं, कोबीची वरची पानं, गाजराचा पाला, केळ्याची सालं. कांद्याचा ढीग नको, गाईच्या रक्ताला तो बाधतो. हे सगळं उघड्या टोपल्यात ठेवावं, पिशवीत नाही. सोसायटीने मिळून एखाद्या गवळ्याला महिन्याला कडब्याचे किंवा मक्याच्या हिरव्या चाऱ्याचे पैसे दिले तर त्याहून बरं. नाहीतर चारा कुठून येतो हे गवळ्याला विचारायला कुणी जात नाही, आणि बंगळुरूत त्याचं उत्तर बऱ्याचदा ‘तळ्याकाठून’ असं असतं. आगरा तलावाचं पाणी पुढे बेळ्ळंदूर तलावात जातं; तोच तो तलाव, ज्याच्या फेसाच्या आणि आगीच्या बातम्या २०१५ पासून देशभर गाजल्या. सांडपाण्यावर वाढलेलं गवत हिरवंगार दिसतं. त्यातले जड धातू दिसत नाहीत.

चिकाची गोष्ट याहून जुनी आहे आणि ती मराठी जिभेला थेट भिडते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून बरीच प्रतिकारद्रव्यं मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी असते, तिच्यातून ती वासरापर्यंत पोचत नाहीत. वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येतं आणि त्याची सगळी भिस्त पहिल्या चिकावर असते. त्याच्या आतड्यातून ही द्रव्यं आख्खी रक्तात शिरू शकतात, पण तो दरवाजा तासागणिक बंद होत जातो आणि चोवीस तासांत मिटतो. त्यामुळे गाय व्याल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पोटात जायला हवा. हिशेब सोपा आहे: वजनाचा दहावा हिस्सा. तीस किलोच्या संकरित वासराला पहिल्या दिवसात किमान तीन लिटर, त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्या पाजण्यातच. वार पडेपर्यंत चीक पाजू नये ही जुनी समजूत अनेक गोठ्यांत अजून टिकून आहे. तिच्यामुळे किती वासरं हगवणीने आणि न्यूमोनियाने गेली असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता खरवस. कर्नाटकात त्यालाच गिण्णु म्हणतात आणि आवड सारखीच आहे. गाय व्याली की शेजारी, नातेवाईक, कायमची गिऱ्हाइकं चिकाची वाट पाहू लागतात, गवळ्याला चांगला भावही मिळतो, आणि नेमका पहिल्या धारेचा, सगळ्यांत दाट, सगळ्यांत पिवळा चीक विकला जातो. तोच वासराच्या कामाचा. संकरित गाय वासराला लागतो त्याहून बराच जास्त चीक देते, त्यामुळे खरवस सोडण्याची कुणावर वेळ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा मागावा, एवढंच. वडी थोडी कमी घट्ट होईल. गिऱ्हाइकाने ‘वासराचं झालं का?’ एवढं विचारलं तरी गवळ्याला हिशेब कळतो. खरवस चांगला वाफवूनच करावा, चीक कच्चा चाखून बघू नये.

चिकाचं हे कवच काही महिन्यांत विरतं, तिथून लस पुढे येते. लस काय करू शकते ते पाहायचं तर बुळकांडी आठवावी. गावंच्या गावं गोठ्यांसकट ओस पाडणाऱ्या या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये सापडला आणि २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. याच संस्थेच्या बंगळुरूतल्या हेब्बाळच्या केंद्रात आज लाळ्या-खुरकुतावर काम चालतं.

लाळ्या-खुरकुताने माणूस आजारी पडत नाही, घर मात्र आजारी पडतं: तोंडात आणि खुरांत फोड, चारा बंद, दूध निम्म्यावर आणि बरी झाल्यावरही गाय पूर्वीसारखी सावरत नाही. वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस, महिन्याने दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस फुकट मिळते. तरी लस टोचणारे आले की गाय मागच्या गल्लीत बांधणारे लोक असतात, कारण लसीनंतर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी येतं. तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकाने दूध कमी का म्हणून कटकट केली नाही, तर हाही एक हातभारच. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, मे-जूनमध्ये. लसीच्या पंधरा दिवस आधी जंतनाशक द्यावं. पोटात जंत असतील तर लसीचा पूर्ण उपयोग होत नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली का, हे विचारायला लाजू नये.

गाईंच्या त्वचेवर गाठी आणणाऱ्या लम्पीने २०२२ मध्ये हे सगळं एका हंगामात शिकवलं. महाराष्ट्रात त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला ती आधी दिसली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून ती आटोक्यात आणली गेली. ती माणसाला होत नाही, पण अफवा पसरली आणि दूध टाकून देणारी घरं निघाली. रोग पसरवतात चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. गोठ्यात शेण साचू न देणं, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आणि अंगावरच्या गाठी रोज हाताने चाचपणं, याला पैसे लागत नाहीत. नवी आणलेली गाय एकवीस दिवस वेगळी बांधावी. गोठ्याच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याचं पाणी असलेला उथळ हौद करावा, लिटरला चाळीस ग्रॅम सोडा. चारा विकणारा, दूध नेणारा, कृत्रिम रेतन करणारा, सगळ्यांचे पाय त्यातून जावेत.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा मात्र गाईकडून माणसाकडे सरळ येणारा रोग. गाय सहाव्या ते आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. मालक हात घालून वार ओढतो, हाताला एखादी चीर असते, आणि काही आठवड्यांनी त्याला येऊन-जाऊन ताप सुरू होतो. रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं, पुरुषांमध्ये वृषणाला सूज. टायफॉइड म्हणून, क्षय म्हणून औषधं होतात आणि माणूस दुखणं अंगावर काढत राहतो. डॉक्टरला ‘घरी गाई आहेत, एक गाभडली होती’ हे एक वाक्य आपणहून सांगितलं तर तपासणीची दिशा बदलते. उपचार आहे, पण दोन प्रतिजैविकं सहा आठवडे नेमाने घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर ताप परततो.

१८८७ मध्ये माल्टा बेटावर सर डेव्हिड ब्रूस यांना या तापाचा जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. थेमिस्टोक्लेस झॅमिट यांना तो १९०५ मध्ये धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत मिळाला. ब्रिटिश सैनिकांना शेळीचं कच्चं दूध बंद केल्यावर तिथला ताप झपाट्याने उतरला. आज बंगळुरूच्या वसाहतींत काचेच्या बाटलीतून ‘शुद्ध, न तापवलेलं’ दूध घरपोच मिळतं, तेव्हा हा इतिहास आठवायला हरकत नाही. देशी गाईचं असो की संकरित, ए-टू असो की साधं, कच्च्या दुधातला जिवाणू जात पाहत नाही. पिशवीतलं नंदिनी दूध पाश्चरीकरण होऊनच येतं. सुटं दूध घरी एक खणखणीत उकळी आणूनच वापरावं. दूध तापवण्यात मराठी स्वयंपाकघर तसं चोख असतं. ते चोखपण निसटतं पूजेला: सत्यनारायणाच्या पंचामृतात कच्चं दूध घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे आणि तीर्थ म्हणून ते गरोदर सुनेपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या हातावर पडतं. सकाळी तापवून थंड केलेलं दूध घातलं म्हणून पूजेत उणं पडत नाही. कच्च्या दुधाचं घरगुती पनीर आणि लोणीही याच यादीत.

गाभडलेल्या गाईला हात लावायचा तर कोपरापर्यंत हातमोजे हवेत. वार आणि मेलेलं वासरू कुत्र्यांपुढे किंवा नाल्यात टाकू नये; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं. शहरात खड्ड्याला जागा नसते, तिथे महापालिकेच्या पशुवैद्यकाला आधी फोन. त्या गाईच्या रक्ताची तपासणी होईपर्यंत दूध कुणालाही कच्चं जाऊ नये.

कासदाहाला खेड्यात दगडी म्हणतात. कास दगडासारखी होईपर्यंत थांबलं की उपाय महाग पडतो, म्हणून धारेआधी पहिल्या दोन चिळकांड्या काळ्या कपड्यावर घेऊन गुठळ्या दिसतात का पाहावं. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी. सडाचं तोंड अर्धा तास उघडंच असतं; गाय खात उभी राहिली की तेवढा वेळ ती शेणात बसत नाही. प्रतिजैविक द्यावं लागलंच, तर लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. औषधांना न जुमानणारे जंतू असेच तयार होतात आणि पुढे ते दवाखान्यात माणसाच्या अंगात भेटतात. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही जायचं; सरकारने ते जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी बंद केलं. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना दुकानातून सुई आणून टोचणं थांबलं, तर असे नियम कमी करावे लागतील.

कोंबड्यांचं थोडक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्याने तो होत नाही. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलल्याने होऊ शकतो. गॅलरीत मेलेला कावळा दिसला तर मुलांना लांब ठेवून महापालिकेला कळवावं, एवढं पुरे.

शनिवार-रविवारी मलनाडात किंवा गोव्याकडे निघणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट आहे. शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप आता सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा परिसरापर्यंत आणि गोव्यात सत्तरीपर्यंत आला आहे. काजूच्या बागांत कामाला जाणारे मजूर त्यात सापडले. गाय या तापाने आजारी पडत नाही, पण मोठ्या गोचिडांना रक्त पुरवून त्यांची पैदास वाढवते, आणि त्यांची पिल्लं माणसाला चावतात. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. जंगलातला वाळका पालापाचोळा गोठ्यात अंथरायला आणला की गोचीड घराच्या परसात येतात. या महिन्यांत तो आणू नये. ट्रेकला पूर्ण कपडे, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंगावर गोचिडांचा शोध. मेलेलं माकड दिसलं की वनखात्याला किंवा आरोग्यकेंद्राला कळवावं, जवळ जाऊ नये.

रेबीज सगळ्यांत फसवा. गाईला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं कुणी पाहिलेलं नसतं. काही आठवड्यांनी ती हंबरत राहते, लाळ गाळते, गिळता येत नाही. मालकाला वाटतं, घशात आंब्याची कोय किंवा प्लॅस्टिक अडकलं. तो तोंडात हात घालतो. लाळ गाळणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या गाईच्या तोंडात हात घालू नये, हा नियम घरातल्या लहानथोरांना पाठ हवा. घातलाच असेल तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी. तिचं उकळलेलं दूध प्यायल्याने रेबीज होत नाही, त्यासाठी गावाने रांग लावण्याची गरज नाही. कच्चं प्यायलेल्यांनी डॉक्टरला विचारावं. खरा बंदोबस्त कुत्र्यांच्या लसीकरणात आहे. गोव्याने ‘मिशन रेबीज’च्या साथीने २०१४ पासून गल्लोगल्ली जाळ्यात कुत्री धरून लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं. एचएसआरच्या ज्या गल्लीत कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी मंडळी आहेत, तिथे ती कुत्री ओळखीची असतात, हाकेला येतात. लसीकरणाच्या गाडीला त्यांच्याइतकी मदत दुसरं कुणी करू शकणार नाही.

रस्त्यावरच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक. लसींची नोंद त्याच क्रमांकावर होते. बिल्ला नसलेली गाय म्हणजे बहुधा लसही नसलेली गाय. गवळ्याला १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक द्यावा, महाराष्ट्रातही तोच चालतो. आणि गावाकडे भावाने फोनवर ‘कालवड झाली’ असं सांगितलं, तर पेढ्यांसोबत एक तारीख लिहून ठेवावी. ब्रुसेल्लाची लस फक्त कालवडींना, वयाच्या चौथ्या ते आठव्या महिन्यातच आणि आयुष्यात एकदाच देतात. तीत जिवंत जिवाणू असतात, म्हणून ती पशुवैद्यकानेच द्यावी, घरी टोचायचा प्रयत्न करू नये. मार्चमध्ये जन्मलेल्या कालवडीसाठी ही मुदत जुलैत उघडते आणि नोव्हेंबरात संपते.